न्हाणीमागची केळ

माण, खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या न्हाणीमागे एखादी केळ किंवा अळूचं बन दिसायचं. पाणी लांबून डोक्यावर आणावं लागे. सांडलेलंही कुणाच्या तरी मुळाशी जावं, ही समज बायाबापड्यांना होती. आता जलजीवन मिशनचा नळ माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबानं दारात येतो. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर, आणि त्यातलं बरंचसं मोरीतून परत बाहेर पडतं. ते उघड्या गटारात सोडलं की डास, चिखल आणि शेजाऱ्याशी वाद. पुढं ओढ्या-नद्यांवाटे कृष्णेच्या पदरात.

अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, २०००-०१ साली, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि हे सांडपाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा गावागावांत पोचला. खड्डा साधाच: तळाला मोठे दगड, वर खडी, मग वाळू. गाळ वाळूत अडतो. दगडांवर बुळबुळीत थर धरतो, त्यातले जीवाणू साबणाचा मळ आणि तेलकटपणा खातात. कडेला कर्दळ लावली तर उरलेलं नत्र, स्फुरद तिची मुळं घेतात. मोरीच्या तोंडाशी नारळाच्या शेंड्या ठेवून त्या वरचेवर बदलायच्या, नाहीतर खरकट्यानं आणि तेलानं खड्डा तुंबतो. विहीर-बोअर जवळ असेल तर मात्र तिथं खणूच नये.

माणच्या मुरमाड जमिनीत हे छान चालतं. वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या रानात नाही. भिजलेली काळी माती फुगते आणि पाणी मुरू देत नाही. सरसकट एकाच मापाचे खड्डे खणणं मला म्हणूनच पटत नाही. कृष्णाकाठी खडी भरलेला उथळ, लांबट कर्दळीचा वाफाच बरा.

पण दगड, खडी, वाळू, मुळं, यांतल्या कुणालाही अडवता न येणारी एक गोष्ट आहे: क्षार. धुण्याच्या पावडरीतला सोडा पाण्यात विरघळून सगळ्यांतून पार होतो, मातीत साचतो, तिला घट्ट करतो. अति पाण्यानं क्षारपड झालेलं रान ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. परसातलं चार हात रानही तसंच बिघडतं. म्हणजे पाण्याची खरी राखण खड्ड्याआधी, धुण्याच्या दगडापाशीच करावी लागते.

आज धुणं भिजवताना पावडर मुठीनं नको, चमच्यानं मोजून घ्या. जमेल तिथं रिठा वापरा. पहिलं फेसाळ पाणी झाडांना घालू नका. शेवटचं विसळलेलं पाणी तेवढं केळीला द्या.