गिटारला बोलावणं कुणाचं?

भाचा अंबाजोगाईत गाणी बनवतो. जयंतीची, लग्नाची, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची. खोलीत लॅपटॉप, दोन स्पीकर, छोटा कीबोर्ड, आणि कपाटावर गिटार. कॉलेजात असताना त्याला तिचंच वेड होतं. मी भजनाला पखवाज धरतो, म्हणून त्यानं अडचण माझ्यापुढं मांडली.

"मामा, वाजवावंसं वाटतं, पण हातात घेतली की पाच मिनिटांत ठेवून देतो. एफ कॉर्डला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. बोटांचे घट्टे गेले, तारा रुततात, आवाज बसका येतो. लॅपटॉपवर तोच कॉर्ड एका क्लिकवर स्वच्छ मिळतो. मग सराव करायचा कशासाठी?"

"गिऱ्हाईकाला गाणं पाहिजे ना? मग कर क्लिक. त्यात कमीपणा काय?"

"मग तुम्ही कणीक का मळता? डाव्या पुडीला थापायची, खर्ज जमेपर्यंत कमीजास्त करायची, भजन संपलं की खरवडायची. पखवाजाचेही सॅम्पल मिळतात."

"सप्ताहात गजर रंगला की लय चढते. किती चढणार हे कीर्तनकाराला, टाळकऱ्यांना, मलाही आधी ठाऊक नसतं. तुझ्याकडं?"

"टेम्पो आधी टाकावा लागतो. मात्रा पुढं-मागं पडली तर क्वांटाइझ केलं की ग्रिडवर बसते."

"म्हणजे कानाला कामच उरत नाही."

"उलट मामा! ढोल आणि बेस एकमेकांना कुठं खातात, ते मला आत्ता ऐकू येतं. गिटार वाजवायचो तेव्हा कळत नव्हतं."

त्याचं खरं होतं. रियाज करणारी माणसं यंत्रावर बसणाऱ्याला हलकं लेखतात, ते मला कधीच पटलेलं नाही. त्यानंच मग लेस पॉलचं सांगितलं. एकावर एक ट्रॅक चढवून रेकॉर्ड करायची रीत रुजवणाऱ्यांतला हा अमेरिकन माणूस मुळात गिटारवादक. १९४८ साली मोटार अपघातात उजव्या कोपराचा चुरा झाला. हात पुन्हा वाकणार नाही म्हटल्यावर त्यानं डॉक्टरांना सांगितलं, गिटार धरता येईल अशाच कोनात बसवा. २००९ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो गेला. त्या वयातही न्यूयॉर्कमध्ये दर सोमवारी वाजवायचा.

"त्याला दोन्ही जमलं. तुझं का अडलं?"

भाचा बराच वेळ गप्प होता. "त्याला यंत्र पाहिजे होतं ते आपल्याच गिटारीला आपल्याच गिटारीची साथ द्यायला. मी घेतलं ते गिटारवाचून भागावं म्हणून."

"आणि भागलं?"

"ऑर्डरी भागल्या."

मला वाटतं, गाठ इथंच आहे. ऑर्डर आली की कुणीतरी गाण्याची वाट बघत असतं. गिटारची वाट बघणारं कुणी नाही. पखवाजाचं तसं नाही. मृदंगाचार्य शंकरबापू आपेगावकरांचं आपेगाव आमच्याच तालुक्यातलं (ज्ञानेश्वरांचं ते पैठणजवळचं, वेगळं). इकडं पखवाज शिकणाऱ्या पोराला दर एकादशीला बोलावणं असतं. ओढ मनातून यावी म्हणून तो बसून राहत नाही. लोक त्याला उठवून नेतात. कपाटावरच्या गिटारला एकट्याच्या जिद्दीवर किती दिवस खाली काढणार?

"एकादशीला भजनाला ये. गिटार घेऊन."

"भजनात गिटार? म्हातारे उठून जातील."

"पेटीसुद्धा साहेबाच्याच मुलखातून आली. आता तिच्यावाचून आमचा सूर लागत नाही. आमची पट्टी काळी दोन."

"म्हणजे डी शार्प." त्याची बोटं मांडीवरच हलायला लागली. "पहिल्या घरात कॅपो लावला तर डीच्या आकारात वाजेल. एफची भानगडच नाही. पण मामा, लय चढली की माझा हात मागं राहणार."

"राहणार. आणि तुझ्यासाठी टाळकरी थांबायचे नाहीत."

"तीन कॉर्ड तरी बसवावे लागतील."

"दोन बसले तरी ये."

"तारा गंजल्यात, आधी त्या आणतो," तो म्हणाला, आणि एकादशी कोणत्या वारी येते ते विचारलं.