थांबायला परवडलं पाहिजे

तांबडा रस्सा आणि जुनी वाइन यांचं जमत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कोल्हापुरात बसून फ्रान्सच्या जुन्या बाटल्या उघडायच्या म्हटलं की मंडळींच्या डोळ्यासमोर पहिल्यांदा रस्साच येतो. मिरचीनं चेतलेल्या जिभेवर वाइनमधलं अल्कोहोल नुसतं भाजतं, तुरटपणा कडवट लागतो, आणि पंधरा-वीस वर्षांत बाटलीत जे काही नाजूक घडलं असेल ते पहिल्या भुरक्यातच वाहून जातं. पांढऱ्या रश्श्याचं तसं नाही. नारळाचं दूध, तीळ, खसखस, मटणाचं आळणी पाणी. तिखटाचा जोर बेताचा. त्या रात्री हॉटेलच्या आचाऱ्याला सांगून आम्ही तांबडा शेवटावर ढकलला. आचारी नाराज झाला आणि त्याचं नाराज होणं रास्त होतं.

टेबलावर आम्ही चौघं होतो: गुळाचा अडत्या, आयुर्वेदाची प्रॅक्टिस करणारा डॉक्टर, तासगावकडचा द्राक्ष बागायतदार आणि मी. बाटल्या बागायतदाराच्या मुलानं ल्योंहून येताना सामानातून आणलेल्या. दुकानातून घ्यायच्या तर आयात शुल्काचे दीडशे टक्के वर्षानुवर्षं डोक्यावर, आणि असली आडगावची जुनी वाइन तरीही मिळायची नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. आमच्यातल्या डॉक्टरनं तो न विसरता काढला होता आणि खिशातून काढून दोनदा दाखवला.

‘आडगावची’ हा शब्द मुद्दाम वापरला. बोर्दो आणि बर्गंडीच्या नामवंत बाटल्या गुंतवणुकीच्या तिजोरीत जाऊन बसल्या आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना लोक चवीपेक्षा भाव जास्त सांगतात. आमच्यापुढे होती नैर्ऋत्य फ्रान्समधली, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याची मादिराँ, आणि पूर्वेकडच्या जुरा डोंगरातली व्हँ जोन, म्हणजे तिथली पिवळी वाइन.

मादिराँ होते ताना नावाच्या काळ्या द्राक्षापासून. हे द्राक्ष तुरटपणाबद्दल कुप्रसिद्ध. हा तुरटपणा देणारी टॅनिन्स हिरड्यात असतात, बाभळीच्या सालीत असतात. त्यांच्यावरच कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावलं जातं. लाळेतल्या प्रथिनांना ती पकडून ठेवतात, म्हणून तोंड आवळतं. कोवळी मादिराँ प्यायलात तर आपल्याच जिभेचं कातडं कमावलं जात असल्यासारखं वाटतं. वर्षं गेली की टॅनिन्सचे रेणू एकमेकांना धरून मोठे होतात, रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि वाइन मऊ होते. म्हणजे मादिराँच्या शेतकऱ्यानं थांबायचं ठरवलं ते हौसेनं नव्हे. त्याचा माल थांबल्याशिवाय पिण्याजोगा होतच नव्हता.

आणि थांबणं परवडेना तेव्हा त्यानं काय केलं? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याच मादिराँमध्ये पात्रिक दुकुर्नो या वाइन बनवणाऱ्यानं टाकीतल्या वाइनमधून प्राणवायूचे अगदी सूक्ष्म बुडबुडे मोजून सोडायची पद्धत काढली. तुरटपणा लवकर मावळू लागला आणि ती पद्धत बघता बघता जगभर गेली. काही जाणकारांना हा अधर्म वाटतो. मला वाटत नाही. ज्याचे पैसे पिंपात अडकलेत त्याला घाई करायचा हक्क आहे. संयमाची शिफारस बहुधा ज्याचं काही अडकलेलं नसतं तोच करतो.

आमची मादिराँ मात्र रीतसर थांबलेली होती. काळसर मनुका, ओलं लाकूड, तंबाखूच्या पानाचा वास, आणि तुरटपणा मागे कुठेतरी पाठराखणीला. सुक्क्या मटणाबरोबर छान गेली. तिच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

पिवळी वाइन उघडली आणि टेबलावर एकदम गप्पा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाला, “मेथी.” अडत्या म्हणाला, “गूळ. जुना, काळा पडलेला.” बागायतदाराला अक्रोड लागला, मला बाळंतिणीच्या खोलीतल्या लाडवांचा वास आला. आमच्यातल्या कुणीच वाइन चाखण्याचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, पण चौघंही बरोबर होतो. या वाइनचा खास गंध सोटोलोन नावाच्या संयुगातून येतो. तेच संयुग मेथीदाण्यात असतं. मेथी खाल्ली की घामालाही तोच वास लागतो. आणि १९८०च्या सुमारास जपानी संशोधकांनी उसाच्या कच्च्या साखरेचा विशिष्ट गंध शोधताना त्यात हेच ओळखलं. फ्रेंच वाइनची वर्णनं वाचताना आपल्याकडच्या माणसाला कमीपणा वाटतो, कारण त्यातली फळं आणि फुलं आपण कधी हुंगलेलीच नसतात. या एका वाइनपुढे मात्र करवीरच्या गुऱ्हाळावर लहानपण गेलेला माणूस पॅरिसवाल्यापेक्षा सरस ठरेल. काहिलीचा वास ज्याच्या नाकात मुरलाय त्याला शिकवायचं काय?

हा गंध येतो कुठून, ते बघण्यासारखं आहे. पिंपातून वाइन सतत थोडी थोडी उडून जात असते. इतरत्र पिंप वरचेवर भरून ठेवतात, हवा लागू देत नाहीत. जुरात साव्हान्यँ या द्राक्षाची वाइन पिंपात घालतात आणि मुद्दाम भरत नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेत, पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते. ती साय हवेला आवर घालते, वाइनला आंबू देत नाही, आणि खाली सावकाश हे सगळे गंध तयार होतात. कायद्यानं किमान सहा वर्षं आणि तीन महिने. लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला तो याच भागातल्या आर्ब्वा गावात; वाइन का बिघडते याचा अभ्यास त्यानं १८६०च्या दशकात तिथे केला. ही पिवळी वाइन एकदा बाटलीत गेली की जवळपास अमर. १७७४ सालची एक बाटली २०१८मध्ये लिलावात एक लाख युरोंहून जास्त किमतीला गेली.

बाटलीही वेगळी. साडेसातशे मिलिलिटरची नव्हे, ६२० मिलिलिटरची, बुटकी, चौकोनी खांद्यांची. सांगतात असं की एक लिटर वाइन पिंपात ठेवली तर मुदतीनंतर एवढीच उरते. अडत्यानं हे ऐकलं आणि ग्लास खाली ठेवला. “म्हंजे घट आधीच धरलीया? बाटलीच घटीच्या मापाची केलीया?” आमच्या बोलण्यातली हीच गोष्ट त्याला खरी आवडली. “हितं रव्यामागं किलोभर घट आली तर दोघं कचेरीची पायरी चढत्यात.”

रवा म्हणजे गुळाची तीस किलोची ढेप. शाहू महाराजांनी १८९५मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून गूळ हा या शहराचा माल. २०१४मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे आर्ब्वाच्या वाइनला जे १९३६मध्ये मिळालं त्याच जातीचं संरक्षण. पण दोन्हीकडच्या बाजारांनी वेळेकडे बघायच्या नजरा अगदी उलट ठेवल्या. सौद्यात गुळाची पत ठरते ती पिवळेपणावर. जुना होतो तसा गूळ काळवंडतो, पाणी सुटतं, भाव पडतो. पिवळा दिसावा म्हणून काहिलीत हायड्रॉस पावडर पडते, ती याच भावामुळे. व्यापारी शीतगृहात ठेवतात तो जुना व्हावा म्हणून नव्हे. नवा दिसत राहावा म्हणून.

इथे डॉक्टरला राहवेना. वैद्यकानं तर जुन्याचीच बाजू घेतली आहे. जुना गूळ पचायला हलका, नवा कफ वाढवणारा. जुनं तूप औषध. तांदूळ वर्षभराचा. चरकसंहितेत तर मद्याबद्दलही हेच आहे: नवं मद्य जड, दोष वाढवणारं, जुनं हलकं, भूक लावणारं, स्रोतसं मोकळी करणारं. म्हणजे जुनं होऊ देण्याचं शहाणपण आपल्याकडे ग्रंथात आहे, आणि आजीच्या मुरांब्याच्या बरणीतही होतं. बाजारात नाही, एवढंच.

हे ‘एवढंच’ मला त्या रात्री फार मोठं वाटलं. आपण जुनेपणाला वस्तूचा गुण समजतो: ही वाइन मुरते, ही मुरत नाही. रसायन म्हणून ते खरंच आहे. तासगावची टेबलावर खायची बिनबियांची द्राक्षं आंबवून वीस वर्षं ठेवली तर काही हाती लागणार नाही, आणि जगातली बहुतेक वाइनसुद्धा वर्षा-दोन वर्षांत प्यायच्याच लायकीची असते. पण मुरण्याजोगी वस्तू असली तरी ती मुरेपर्यंत कुणाचं तरी घर चालावं लागतं. सहा वर्षं तीन महिने पिंपात पडून असलेल्या मालाचं व्याज कोण भरतं? त्या काळात मुलीचं लग्न, विहिरीचा पंप, दवाखाना कशावर होतो?

बड्या घराण्यांचं सोडा. जुराचे द्राक्ष शेतकरी लहानच होते. फिलोक्सेरा किडीनं बागा उद्ध्वस्त केल्यानंतरच्या वाईट दिवसांत, १९०६मध्ये, आर्ब्वाच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. ती आजही आहे, पिवळी वाइनही करते. तिचं नाव आहे ‘फ्रुइतिएर’, आणि हे नाव त्या डोंगरातल्या चीजच्या सहकारी डेऱ्यांवरून घेतलेलं. त्या डेऱ्यांचे उल्लेख थेट तेराव्या शतकापासून सापडतात. काँते चीजचं एक चाक साधारण चाळीस किलोचं, त्याला लागतं चारशे लिटरच्या आसपास दूध. एकट्याच्या गोठ्यातून तेवढं निघणं शक्य नव्हतं, आणि बर्फात सहा महिने वाट बंद झाल्यावर ताजं दूध विकणार कुणाला? म्हणून दूध एकत्र करायचं, चाक करायचं, तळघरात ठेवायचं, वसंतात विकायचं. त्यांचा संयम मुळात नाइलाज होता. सगळ्यांचा नाइलाज एका जागी आणला तेव्हा त्याची ऐपत झाली.

सहकार हा शब्द आला की कोल्हापूरकर सरसावून बसतो, आणि बसावंच. पण आपल्या सहकाराची करामत कशात आहे? वेगात. १९५०मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो तोडलेला ऊस तासातासाला उतरत असतो म्हणून. लवकर गाळला नाही तर साखर जाते. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्या असा कायदा. १९६३मध्ये स्थापन झालेल्या गोकुळनं सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करून मुंबईच्या चहात नेऊन पोचवलं. रात्रीचं दूध सकाळी दारात, हे सोपं काम नाही. मी तरी ते काँतेपेक्षा हलकं मानत नाही. भुकेलं महानगर एका रात्रीच्या अंतरावर असेल तर तळघरात चाकं मुरवत कोण बसेल? आपण घाईची संस्था बांधली कारण घाईला गिऱ्हाईक होतं.

थांबण्याची संस्था मात्र आपल्याकडे बारकीच राहिली. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, १९९०-९१ पासूनची: माल गोदामात ठेवा, त्यावर कर्ज घ्या, भाव आला की विका. मुदत १८० दिवसांची. चांगली योजना आहे. पण सहा महिन्यांत भाव मुरतो, माल नाही. बागायतदारानं बेदाण्याचं सांगितलं. तासगाव-सांगलीच्या शीतगृहांनी बागायतदारांना दिवाळीपर्यंत, रमजानपर्यंत थांबण्याचं बळ दिलं, आणि त्या बळानं पट्ट्याचं नशीब पालटलं. वाइनचा प्रयोगही दारात येऊन गेला. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिकजवळ विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला असे दोन वाइन पार्क आखले गेले. विंचूर चाललं, पलूस तसं फुललं नाही. नाशिकची वाइनही बहुतेक कोवळीच विकली जाते. उन्हाळा हे एक कारण आहे. बारा-तेरा अंशांची कोठी वर्षभर राखायची तर विजेचं बिल हेच व्याज होऊन बसतं. म्हणून तिथले कारखानदार कोवळ्या वाइनवर भर देतात याला मी नावं ठेवणार नाही.

बाटलीत तळाचं राहिलं होतं तेव्हा डॉक्टरनं अडत्याला गळ घातली. उत्तम, बिनहायड्रॉसचा गूळ घे, पाच वर्षं ठेव, साल छापून वीक. अडत्यानं बिलाच्या पाठीवर आकडे मांडले: गोदामाचं भाडं, पावसाळ्यातली ओल, मुंग्या, घट, बँकेचं व्याज. मधेच त्यानं वेटरला तांबडा रस्सा आणायला सांगितला. वाइन संपत आली होती, आता हरकत नव्हती.

“परवडंल,” तो म्हणाला. “पण ह्या भावात घेणार कोण?”

“आम्ही वैद्य घेऊ की.”

“किती?”

डॉक्टरनं थोडा विचार केला. “मला वर्षाला दोन किलो पुरेल.”

अडत्यानं कागद चुरगाळून ताटाखाली सरकवला आणि रश्श्याची वाटी पुढं ओढली.