तंबू करणारे हात



नोकरी, घर, मुले यांच्या धावपळीत आपला संकल्प मागे पडतो आणि आपण खचतो. संत पौल करिंथ येथे दीड वर्ष राहिला. तो पोटासाठी तंबू करी व दर शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत असे (प्रेषितांची कृत्ये १८). पण तो एकटा नव्हता. अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. तिघांनी मिळून काम केले.

आपल्याही घरात सून राहिलेली पदवी पूर्ण करू पाहते, मुलगा ड्युटीनंतर परीक्षेचा अभ्यास करतो. त्यांच्यासाठी या आठवड्यात एक संध्याकाळ स्वयंपाक, भांडी आपण करू या. आपल्या संकल्पासाठीही अशी मदत निःसंकोच मागू या. प्रभू आपणांस चिकाटी देवो!