दया आणि दाम

भिक्षेसाठी पुढे आलेल्या हातावर नाणे ठेवताना आपण कचरत नाही. तोच हात काम मागू लागला की मात्र विचारात पडतो. ‘बिचाऱ्याला झेपेल का?’ हा प्रश्न वरकरणी दयेचा वाटतो. वस्तुतः काम पाहण्याआधीच दिलेला तो निकाल असतो.

आपल्या वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोरा जवळच आहे. तेथे बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली. आनंदवनात बोटे झडलेल्या हातांनी शेती पिकविली, माग चालविले. पुढे अंध-मूकबधिरांनाही तेथे काम मिळाले. त्यांना हवा होता तो श्रमाचा मान.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना दृष्टी नाही. लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही २०१६ साली याच कारणास्तव रेल्वेने त्यांना लेखासेवेत घेण्याचे नाकारले. पुन्हा परीक्षा देऊन त्या आय.ए.एस. झाल्या आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी बनल्या. दृष्टी आली नव्हती. दार तेवढे उघडले होते. मग उणीव कोठे होती?

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. परंतु आपल्या दुकानात, जिनिंगमध्ये, पेढीवर निर्णय आपलाच असतो. केवळ धडधाकटांनाच काम देणे हा सबळांनी दुर्बळांशी केलेला भेदभाव होय, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात बजावले आहे.

तेव्हा दारी आलेल्यास आधी काम द्यावे, मग पारखावे. आणि दाम पुरता द्यावा.