वाट सांगावी का?

द्वारकेत सह्याद्रीची सवय असलेली मराठी माणसं भेटली की गप्पा फिरून एकाच प्रश्नावर येतात: इथे चालायला कुठे जाता? उत्तर मला ठाऊक आहे, पण देताना जीभ अडखळते.

गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावरून आत वळलं की अरवलीत मांगर बणी लागते. बणी म्हणजे आपली देवराई. मांगर, बंधवाडी आणि बालियावास या तीन गावांतले गुर्जर गुदडिया दास बाबांच्या नावाने हे रान राखत आले. फांदी तोडायची नाही, गुरं चारायची नाहीत. बाहेरच्या टेकड्यांवर धौचं झाड शेळ्यांनी खुडून खुडून जमिनीलगत पसरलेलं दिसतं. इथे तेच धौ (आपल्या धावड्याचा भाऊबंद) डोक्यावर सावली धरतं.

पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरच्या कातळपायऱ्यांवर खोळंबलेली रांग ज्याने पाहिली आहे, त्याला पत्ता लपवण्याचं कारण समजवावं लागत नाही. मलाही ते पटतं. मात्र ‘गर्दी’ हा शब्द आपण नेहमी दुसऱ्यांसाठीच वापरतो. त्या रांगेतली पुष्कळ मुलं आठवड्याची एकुलती सुट्टी घेऊन एसटीने किंवा मित्राच्या दुचाकीवर आलेली असतात. मी बणीला जातो तो गाडीने. आमची ब्लू लाइन सेक्टर २१ ला संपते, मांगरला मेट्रो जात नाही. ज्याला मी रानाचा एकांत म्हणतो, त्यातला बराचसा पेट्रोलने विकत घेतलेला आहे.

शिवाय गुपित ठेवल्याने रान वाचतंच असंही नाही. कुणाला माहीत नसलेलं रान नाहीसं झालं, तर तेही कुणाला कळत नाही. मांगरच्या विकास आराखड्यावरून वाद पेटला तेव्हा गावातल्यांबरोबर पक्षी पाहणारे, झाडं ओळखणारे शहरी लोकही बोलू लागले. २०१६ मध्ये हरियाणा सरकारने बणी आणि भोवतीचा ५०० मीटरचा पट्टा बांधकामाला बंद केला. बोलणाऱ्या त्या शहरी लोकांनाही कधीतरी कुणीतरी वाट दाखवली असणारच.

म्हणून मी सांगतो, पण फोनवर नकाशाची खूण पाठवत नाही. खूण वाट दाखवते. आपण कुणाच्या दारात शिरतो आहोत ते सांगत नाही. विचारणाऱ्याला बरोबर नेतो, आधी गावात थांबवतो, बाबांचे नियम ऐकवतो. एका खेपेला चौघांपेक्षा जास्त नाही.

पण मग निवड आली, आणि निवड आली की ओळखीचेच चेहरे येतात. आमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीला असलेला पहारेकरी बुंदेलखंडातल्या डोंगराळ गावचा आहे. झाडं त्याला माझ्याहून जास्त कळतात. त्याने मला वाट कधी विचारलेली नाही; तसं विचारण्याची सोय आमच्या दोघांच्या बोलण्यात नाही. येत्या रविवारी गाडीत एक जागा मोकळी आहे. त्याला मात्र रविवारचीही सुट्टी नसते.