नवरंगाशी खोटं बोलणं

पक्ष्याशी खोटं बोलता येतं का? प्रश्न जरा वेडगळ वाटेल. पण जव्हार-मोखाड्याच्या जंगलात पहिला पाऊस पडला की तो मला दर वर्षी पडतो, कारण तेव्हा तिथे नवरंग आलेला असतो आणि त्याच्या मागोमाग आम्ही कॅमेरेवाले.

नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. मेच्या शेवटी, जूनमध्ये तो वीण घालायला आपल्याकडे येतो. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेली इथली कुटुंबं पेरणीसाठी गावी परततात, साधारण त्याच सुमाराला. मैनेपेक्षा लहान, आखूड शेपटीचा पक्षी. अंगावर इतके रंग की लपणं अशक्य वाटावं, तरी दिसत नाही. तो जमिनीवर पाचोळा उलथत टुणटुण पळतो, करवंदीच्या दोन जाळ्यांमधल्या फटीत अर्धा सेकंद दिसतो आणि संपला. झाडांखाली पावसाळी अंधार. शटर एक हजारांश सेकंदावर ठेवलं तर फोटो काळा आणि दाणेदार, कमी केलं तर पक्ष्याच्या जागी रंगीत फराटा. दहा सकाळी घालवल्या तर एखादा फोटो बरा येतो.

किंवा मग ब्लूटूथ स्पीकर. नवरंगाची दोन सुरांची शीळ नेटवर फुकट मिळते. स्पीकर झुडपाखाली ठेवायचा आणि वाजवायचा. दोन-तीन मिनिटांत नर उघड्या फांदीवर येतो, छाती काढून ओरडतो आणि मुख्य म्हणजे थांबतो. सगळ्यांना फोटो मिळतो. नाश्त्याला मंडळी जव्हारच्या बाजारात हजर.

तो थांबला कशासाठी? त्याच्या हद्दीत दुसरा नर घुसल्याचं त्याने ऐकलं म्हणून. कदाचित तो अंड्यांवर बसला होता (नवरंगात नर-मादी दोघंही अंडी उबवतात), कदाचित किडे शोधत होता. ते सोडून तो भांडायला आला, आणि समोर कुणीच नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "पाच मिनिटांनी काय बिघडतं?" आणि नेहमीचं प्रत्युत्तर, "पाच मिनिटं गुणिले दहा ग्रुप गुणिले सगळे शनिवार-रविवार." प्रत्युत्तर बरोबर आहे. पण मला ते पुरत नाही. समजा एकच माणूस आला, एकदाच, एकच मिनिट वाजवून गेला. त्याने काही नुकसान केलं नाही असं प्रामाणिकपणे म्हणता येईल. अभ्यासकही सर्वेक्षणात असे आवाज वाजवतात. म्हणजे आक्षेप फक्त नुकसानीचा असेल तर सगळं मिनिटांच्या हिशोबावर येतं. माझा आक्षेप खोट्यावरच आहे.

आता कुणी म्हणेल, जंगलात खोटं कोण बोलत नाही? 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा घ्या. दिसायला आणि उडायला शिक्र्यासारखा, आणि अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात तिथल्या कोतवालाचा अभ्यास झाला आहे. तो शत्रू आल्याची खोटी हाक देतो आणि घाबरून पळालेल्यांचं भक्ष्य लाटतो. एक हाक चालेनाशी झाली की दुसऱ्याच पक्ष्याची हाक काढतो. मग मीच एकट्याने सत्यवचनी का व्हायचं?

या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो होतो. फरक मला असा दिसतो: कोतवालाला त्याच्या खोट्याची किंमत पडते. तो सारखाच खोटं बोलला तर त्याचं कुणी ऐकणार नाही आणि तो उपाशी राहील. म्हणून त्याला खरे इशारेही द्यावे लागतात. ज्यांना फसवतो त्यांच्यातच त्याला राहायचं आहे. मी शंभर वेळा खोटी शीळ वाजवली तरी माझं काहीच जात नाही, रविवारी संध्याकाळी घाट उतरून मी घरी. आणि नवरंग शहाणा होऊन त्या शिळेकडे दुर्लक्ष करायला लागला, तर पुढच्या वेळी खरा घुसखोर येईल तेव्हा नुकसान त्याचंच. त्याच्याकडे जी काही भाषा आहे, तिच्यात मी खोटी नाणी सोडतो आणि मला त्या बाजारात काही विकत घ्यायचं नसतं.

एकदा आमच्यातल्या एकाने मोखाड्याच्या रस्त्यावर बेचकीवाल्या पोराला झापलं. फॉरेस्टवाले पकडतील, लाज नाही वाटत, वगैरे. त्याच्या स्वतःच्या बॅगेत स्पीकर होता. मी विचारलं तर म्हणाला, "आपण मारत नाही ना." खरं आहे. बेचकीची बाजू मीही घेणार नाही. पण पिंजऱ्यातला तित्तर ओरडायला ठेवून रानातले तित्तर फासात ओढणं ही जुनी पारध आहे, आणि आमचा स्पीकर म्हणजे तोच तित्तर, चार्जिंगवर चालणारा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं येतं. कायदा करणाऱ्यांनाही 'मारत नाही' एवढं पुरेसं वाटलं नव्हतं.

शिवाय हे खोटं पक्ष्यापाशी थांबत नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयातला वन पिंगळ्याचा जुना नमुना चोरला आणि तो आपण 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवला अशी चिठ्ठी लावली. एकोणिसाव्या शतकानंतर हा पक्षी खात्रीने कुणी पाहिला नव्हता, म्हणून लोक त्या चिठ्ठीवर विसंबले. पामेला रासमुसेन यांनी लबाडी ओळखली, चिठ्ठी बाद केली, जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिवंत वन पिंगळा दिसला. 2014 मध्ये तो इथून जवळच, तानसा अभयारण्यातही सापडला.

इन्स्टावरचा फोटो म्हणजेही एक चिठ्ठीच. 'नवरंग, जव्हार, जून' एवढंच लिहिलं की बघणारा समजतो, हा पक्षी असाच बसतो: शेवाळलेल्या फांदीवर, छाती काढून. तो चिडलाय हे कुणी लिहीत नाही. स्पीकर वाजवून काढलेल्या फोटोखाली निदान तसं लिहावं असं मी ग्रुपवर सुचवलं, तेव्हा दोन अंगठे आले आणि चर्चा लेन्सच्या किमतीकडे वळली.

मी सध्या दाभोसा धबधब्याच्या कड्याशी पाकोळ्यांचा नाद धरलाय. त्या स्पीकरला भीक घालत नाहीत, उडता उडताच खातात, कशासाठीच थांबत नाहीत. चारशे फ्रेममध्ये बहुतेक नुसतं आकाश, कुठे अर्धा पंख. नवरंगाचा माझ्याकडे एक फोटो आहे. उडालेलं सागाचं पान एकदम शार्प, त्याच्या मागे शेपटीखालचा लाल डाग. टाकला तर पहिली कमेंट आली, "पक्षी कुठाय?" मी लिहिलं, पानामागे, किडा शोधतोय.