लबाडाचा कैवार

ठेवीदारांच्या ठेवी बुडविल्याचा, भागधारकांस खोटे हिशेब दाखविल्याचा किंवा सरकारी तिजोरीवर डल्ला मारल्याचा आरोप असलेला मनुष्य न्यायासनापुढें उभा राहिला, म्हणजे त्याच्या शेजारीं बहुधा एखादा निष्णात वकीलही उभा असतो. हा देखावा सज्जनांच्या मनास टोंचतो. खुन्याच्या वकिलाविषयीं ते इतके कठोर नसतात. खून क्रोधाच्या भरांत घडला असेल, दारिद्र्यानें बुद्धि भ्रष्ट केली असेल, असें म्हणण्यास तेथें कांहीं जागा असते. परंतु शिकलासवरलेला, खाऊनपिऊन सुखी असा मनुष्य थंड डोक्यानें, केवळ लेखणीच्या टोंकानें दुसऱ्याचें घर लुटतो आणि कदाचित् त्याच लुटींतून वकिलाची फी चुकती करतो, हें पाहून कोणास संताप येणार नाहीं? अशा मनुष्याचा कैवार घेणें नीतीला धरून आहे काय? आमच्या मतें आहे. मात्र कांहीं मर्यादा संभाळूनच.

या प्रश्नाचा ऊहापोह अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जितका झाला आहे तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. ज्यास आपण पांढरपेशांचा गुन्हा म्हणूं, त्यास तेथें ‘पांढऱ्या कॉलरचा गुन्हा’ असें नांव समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलंड यांनीं १९३९ सालीं दिलें. पण त्या गुन्ह्याला शासन करणारा कायदा त्याहून जुना आहे. टपालाच्या साह्यानें लोकांस फसविणें हा १८७२ पासून तेथील संघसरकारचा गुन्हा आहे. पुढें १९५२ सालीं तार व रेडिओ यांच्या द्वारें केलेली फसवणूकही त्याच कोटींत घातली गेली. हे कायदे रबरासारखे ताणतां येतात. फसवणुकीचा बेत आणि त्या कामीं धाडलेलें एखादें पत्र, इतकें सिद्ध झालें कीं गुन्हा झाला. दहा पत्रें धाडलीं तर आरोप दहा होऊं शकतात, आणि २००२ नंतर अशा प्रत्येक आरोपास वीस वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे. ज्या सरकारच्या हातीं एवढें शस्त्र आहे, त्याच्या समोर उभ्या असलेल्या माणसास एक ढाल मिळावी, हें प्रथमदर्शनींच न्याय्य दिसतें.

तथापि आमचा मुख्य मुद्दा याहून खोल आहे. खुनाच्या खटल्यांत प्रेत असतें, आणि ‘हें कोणीं केलें’ हा बहुधा वाद असतो. फसवणुकीच्या खटल्यांत कागद कोणीं लिहिला, सही कोणाची, पैसे कोठें गेले, याविषयीं पुष्कळदां वादच नसतो. वाद असतो तो सही करतांना त्या मनुष्याच्या मनांत काय होतें याचा. तोच हिशेब एकानें भोळ्या आशेनें लिहिलेला असतो, दुसऱ्यानें आळसानें, आणि तिसऱ्यानें कपटानें. धंदा बुडाल्यावर तिघांचेही कागद सारखेच काळे दिसतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही म्हण येथें लागू पडत नाहीं. येथें आरसाच पाहिजे, आणि तो धरणारा आरोपीच्या बाजूचा एक तरी मनुष्य पाहिजे.

एन्रॉन कंपनीचें दिवाळें डिसेंबर २००१ मध्यें निघालें. तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या जुन्या पेढीवर कागदपत्र नष्ट करविल्याचा खटला झाला व जून २००२ मध्यें ती दोषी ठरली. त्या वर्षीं तिचा व्यवसाय संपल्यासारखाच झाला. सुमारें ८५ हजार माणसें तिच्या जगभरच्या शाखांत काम करीत होतीं. त्यांतील बहुतेकांचा एन्रॉनशीं कांहीं संबंध नव्हता. सुक्याबरोबर ओलेंही जळालें. पुढें २००५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तो निकाल रद्द केला. आपण अयोग्य करीत आहों याची जाणीव आरोपीस असली पाहिजे, ही गोष्ट ज्यूरीला नीट सांगितलीच गेली नव्हती, हें त्याचें कारण होतें. पेढी निष्पाप होती असें न्यायालयानें म्हटलें नाहीं, आणि आम्हीही म्हणत नाहीं. परंतु दोष ठरविण्याची रीत चुकली होती, आणि ती उमगेपर्यंत दुरुस्त करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

दुसरें उदाहरण त्याच कंपनीचे प्रमुख जेफ्री स्किलिंग यांचें. २००६ सालीं त्यांस चोवीस वर्षांहून अधिक कैद झाली. ‘प्रामाणिक सेवेपासून वंचित केलें’ या आरोपाचाही त्यांच्याविरुद्ध आधार घेतला होता. नोकरींतील कोणता अप्रामाणिकपणा या शब्दांत येतो आणि कोणता येत नाहीं? २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, त्यांत लांच व दलालीपुरतींच कृत्यें येतात. स्किलिंग त्यामुळें सुटले नाहींत; इतर दोष कायम राहिले, आणि २०१३ सालीं त्यांची शिक्षा चौदा वर्षांवर आली. पण कायद्याची ती धूसर कड स्पष्ट झाली, ती एका अप्रिय माणसाच्या वकिलानें हट्ट धरला म्हणून. उद्यां एखाद्या सामान्य कारकुनावर तोच आरोप आला, तर त्या हट्टाचें फळ त्यासही मिळेल.

यावर कोणी म्हणेल, आरोपी निर्दोष असेल तर हें सारें ठीक. पण वकिलास तो दोषी असल्याचें ठाऊक असेल तर? बर्नार्ड मॅडॉफ यांनीं मार्च २००९ मध्यें अकरा आरोप स्वतःच कबूल केले. तरीही त्यांचा वकील शिक्षेच्या दिवशीं उठला व त्यानें सुमारें बारा वर्षांची शिक्षा सुचविली. न्यायाधीशांनीं त्याच दिवशीं नाडलेल्या लोकांचें गाऱ्हाणें ऐकलें आणि दीडशें वर्षांची कैद सांगितली. वकिलाच्या पदरीं कांहीं पडलें नाहीं. पण न्यायासनानें दोन्ही बाजू ऐकल्या, आणि म्हणूनच त्या दंडास सूडाचें रूप आलें नाहीं. दोषी कोण हें वकिलानें आपल्या खोलींत ठरवूं लागावें, तर न्यायाधीश कशाला हवा?

आतां फीचा प्रश्न. चोरीचा पैसा वकिलाच्या फीसाठीं राखून ठेवण्याचा हक्क आरोपीस नाहीं, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं ठरविलें, आणि तें योग्यच झालें. परंतु २०१६ च्या लुइस खटल्यांत निराळा प्रसंग आला. सुमारें साडेचार कोटि डॉलरांच्या अफरातफरीचा आरोप होता. तो पैसा बहुतेक खर्च झाला होता, म्हणून गुन्ह्याशीं संबंध नसलेले उरले-सुरले वीस लक्ष डॉलरही सरकारनें खटल्यापूर्वींच गोठवूं पाहिले. न्यायालयानें तें नाकारलें. नाडलेल्यांच्या भरपाईस ते पैसे उपयोगी पडले असते, हें खरें आहे, आणि तें नुकसान लहान नाहीं. पण दोष सिद्ध होण्यापूर्वीं माणसाचें स्वतःचें धन काढून घेऊन त्यास वकिलावांचून उभें करणें, म्हणजे निकाल आधीं लावून चौकशी मागाहून करणें होय. केपीएमजी पेढीच्या कांहीं माणसांवरील खटल्यांतही हेंच दिसलें. त्यांच्या वकिलांची फी पेढीनें देऊं नये म्हणून सरकारनें दडपण आणलें, असें ठरून २००७ सालीं तेरा जणांवरील आरोप काढून टाकावे लागले. साप म्हणून भुई धोपटली, आणि खरोखर साप होता कीं नाहीं हें कायमचें अज्ञात राहिलें.

मर्यादांची गोष्ट आम्हीं आरंभीं काढली होती. वकिलानें पुराव्याची कसून परीक्षा करावी, साक्षीदारास उलट प्रश्न विचारावे, कायद्याचा अर्थ आरोपीच्या बाजूनें लावून दाखवावा. पण त्यानें खोटी साक्ष पढवूं नये, कागद जाळूं नये, नवी लबाडी रचण्यास सल्ला देऊं नये. खोटें बोलण्याच्या कामीं वकिलाचें साह्य मिळण्याचा हक्क आरोपीस नाहीं, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालींच सांगितलें आहे. ही रेघ ओलांडणारा वकील कैवारी उरत नाहीं. तो भागीदार होतो.

एक आक्षेप मात्र आम्हांस खरोखर बोंचतो. अशी कसून लढाई श्रीमंत लढूं शकतो; गरीब आरोपी बहुधा कबुली देऊन मोकळा होतो. संघसरकारच्या न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक लोक सुनावणी न होतांच कबुलीनें दोषी ठरतात, आणि लढून हरल्यास शिक्षा वाढेल ही भीति त्यांतील कित्येकांच्या मागें असते. १९३८ सालीं, खोट्या नोटा चालविल्याच्या एका खटल्यावरून, निर्धन आरोपीसही वकील मिळाला पाहिजे हें तत्त्व या न्यायालयांपुरतें मान्य झालें. १९६४ च्या कायद्यानें अशा वकिलांस मोबदला मिळूं लागला. तरी अंतर उरलेंच आहे. त्यावर उपाय श्रीमंताची ढाल हिरावून घेणें हा नसून गरिबाच्या हातीं तितकीच भक्कम ढाल देणें हा आहे. एकाचा अन्याय दुसऱ्यास वांटून दिल्यानें न्याय होत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक पांढरपेशेच आहेत. त्यांच्या ठेवी कोणी बुडवूं शकतो, आणि त्यांच्यांतील एखाद्याची सही भलत्या कागदावर सांपडूंही शकते. यांपैकीं पहिलें संकट मनांत ठेवून आपण कायदा मागतों. दुसरें संकट मनांत आणलें म्हणजे वकिलाची किंमत कळते. दोन्ही एकाच वेळीं लक्षांत ठेवणें कठीण आहे, विशेषतः ज्याच्या घरची जन्माची पुंजी गेली त्यास. त्याच्या संतापास आम्हीं नांवें ठेवणार नाहीं. पण ज्यांची पुंजी शाबूत आहे, त्यांनीं तरी आरोपीच्या शेजारीं उभ्या असलेल्या त्या काळ्या झग्याकडे पाहून नाक मुरडूं नये.